कोठीच्या अकरा पायऱ्या

आई सरपंच झाली तेव्हा मी नुकतीच अकरावीत गेले होते. त्या वर्षाबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही. बोलायला लागले की आवाज चढतो, आणि आवाज चढला की समोरचं माणूस म्हणतं, "बाई, एवढ्या जुन्या गोष्टीचा एवढा राग?" हो, एवढा राग. राग काय दूध आहे, दोन दिवसांत नासून जायला? गावाचं नाव मी लिहीत नाही. माझं माहेर अजून तिथं आहे आणि माझ्या भावाला त्याच गावात राहायचं आहे. जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याहून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव, इतकं कळलं तरी पुरे.

आम्ही धनगर. घरात चाळीसेक मेंढरं, पाच-सहा शेरड्या आणि ओसरीत खड्ड्यातला माग. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा मागावर बसले की धोट्याचा खटखट आवाज सुरू व्हायचा तो जेवणापर्यंत थांबायचा नाही. पाहुणे घरी आले की त्यांना त्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि आम्हा भावंडांची मोठ्यानं बोलायची सवय तिथूनच लागली. आई लोकर कातायची. तिचा हात रिकामा असा मी पाहिलाच नाही. चुलीवर अंबाडीची भाजी शिजत असली तरी एका हातानं पळी आणि दुसऱ्या हातानं लोकरीतले काटे वेचणं चालूच. घोंगडी विणून उतरली की अंगणात चिंचोक्याची खळ शिजायची. तिचा आंबूस, जडसर वास कपड्यांना, केसांना, माझ्या वह्यांनासुद्धा लागायचा. कॉलेजातल्या मुली नाक मुरडायच्या, आणि मीही मूर्खासारखी दोनदा साबण लावून जायची. संध्याकाळी मेंढरं आली की नुसता कालवा, आणि त्या कालव्यात आईची मला हाक, "कौसा, भाकरी करपायली गं!" गरम ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, त्यावर करडीच्या तेलाची धार. आता डॉक्टर तेल कमी करा म्हणतो. त्याला काय कळतंय.

आमच्यात घोंगडीला मान फार. देव मांडायचा तो घोंगडीवर. सोयरीक जुळवायची असो, भावाभावांची वाटणी असो, चराईचं भांडण असो, आधी घोंगडी अंथरायची. दोन्हीकडची माणसं तिच्यावर बसायची, लहान-मोठा नाही, सगळे एका पातळीवर. वहाणा बाहेर. तिथं दिलेला शब्द मोडला तर त्या माणसाच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणा, पण घोंगडीवर बसून तिनं नांदणं मोडलेल्या दोन पोरी परत नांदायला लावल्या होत्या. एवढी तिची अक्कल होती. ही गोष्ट इथं मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्याला लोक "अडाणी बाईचा अडाणीपणा" म्हणाले.

बायांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या गावचं सरपंचपद आमच्यासारख्यांतल्या बाईला आलं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी विचार केला, गिरजाबाई गरीब आहे, बोलत नाही, अंगठा मारेल. कारभार बापूराव बघतील. बापूराव म्हणजे उपसरपंच, ऐंशी एकरांचे धनी, पांढरं धोतर, कानात अत्तराचा फाया. पण आईनं माझ्याच पाटीवर सही शिकून घेतली होती. पहिल्या मीटिंगला तिनं "गि" काढायला पाच मिनिटं घेतली आणि बापूराव पाचही मिनिटं हात चोळत बसले. सही करून झाल्यावर ती म्हणाली, "आता पाण्याचं बोला."

पाण्याचंच बोलायचं होतं. आमच्या गावच्या बाया नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची, वाटीनं वाटीनं घागर भरायची आणि ती घेऊन दरड चढायची. शेजारच्या सावित्रा काकूंची मान वयाच्या तिशीतच एका बाजूला गेली होती. आईनं जिंतूरच्या कचेरीत खेटे घालून विहीर आणि टाकीची योजना मंजूर करून आणली. कशी आणली ते तिलाच माहीत. एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा मात्र मी पाहिला आहे. मग भूजलवाले आले, त्यांनी गावभर फिरून जागा दाखवली, आणि ती निघाली कोठीच्या मळ्यात. मार्चच्या आत त्या दोन गुंठ्यांचं संमतीपत्र गेलं नाही तर मंजुरी परत जाणार होती. घोडं अडलं ते तिथं.

कोठी म्हणजे राजांचा वाडा. निजामाच्या वेळी त्यांच्या आजोबाला जहागीर होती, 'राजा' ही पदवी होती. पदव्या गेल्या, जहागिऱ्या गेल्या, देशात कायदे झाले. सरकारनं सगळं काढून घेतलं. आमच्या गावानं काहीही काढून घेतलं नाही. गावात त्यांना "सरकार"च म्हणायचे. राजे राहायचे हैदराबादला. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, आठ दिवस यायचे. कोठीला चुना लागायचा, फाटकाला तेल लागायचं, आणि गावचा निवडून आलेला माणूस, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, अकरा पायऱ्या चढून वर जायचा आणि मुजरा करून यायचा. आमदारकीला उभे राहणारेसुद्धा आधी तिथं यायचे. मतं आम्ही द्यायची आणि वाकायचं त्यांनी तिथं.

हे फक्त तेव्हाचं आहे असं समजू नका. मी आता हेडमास्तरीण आहे, पन्नाशी जवळ आली, गुडघे बोलायला लागलेत. मागच्या वर्षी संस्थेनं आमच्या शाळेच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला त्याच घरातल्या धाकट्या राजांना बोलावलं. पत्रिकेवर 'श्रीमंत' अगदी ठसठशीत. मला दोन पानांची यादी आली: मधली खुर्ची कुणाची, औक्षण कुणी करायचं, फेटा कुणी बांधायचा, कुणी आधी उभं राहायचं. गावच्या सरपंचबाईंची खुर्ची कडेला, साउंडबॉक्सच्या शेजारी. आमदार आले, साठीचे गृहस्थ, लाखभर माणसांनी निवडून दिलेले, आणि त्या तिशीतल्या पोराच्या पायांना हात लावून मग स्वतःच्या खुर्चीवर टेकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरपंचबाईंची खुर्ची उचलून मध्ये आणून ठेवली. संस्थेनं मला त्याबद्दल लेखी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं. ते असो.

आई सरपंच झाली त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी पेशकार आमच्या घरी आले. पेशकार म्हणजे कोठीचे कारभारी. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. वाकलेले, तुटक्या दांडीचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, पण कोट मात्र कायम. त्यांना बसायला बाज दिली. त्यांनी आधी धोट्याचा आवाज बंद करायला लावला आणि मग आईला म्हणाले, "सरपंचबाई, सरकारसमोर जायचं म्हणजे तालीम लागते. गफलत चालायची नाही."

तालीम आमच्या अंगणात झाली. चपला फाटकाबाहेर, पायरीजवळ नव्हे. पदर कपाळापर्यंत. वर गेल्यावर तीन मुजरे, प्रत्येक वेळी हात जमिनीपासून कपाळापर्यंत. मग पांढऱ्या रुमालावर चांदीचा रुपया ठेवून दोन्ही तळहातांवर पुढं धरायचा. सरकार बोट लावतील, तीच नजर, म्हणजे नजराणा, कबूल झाली म्हणायची. सरकारच्या डोळ्यांत बघायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बसायचं झालं तर फरशीवर, खुर्ची तिथं एकच. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," पेशकार बोट वर करून म्हणाले, "सरकारला पाठ दाखवायची नाही. निघताना उलटं चालायचं. दारापर्यंत उलटं, पायऱ्यासुद्धा उलट्या."

"अकराच्या अकरा?" आईनं विचारलं.

"अकराच्या अकरा."

"आन् पडले तर?"

"आजवर कुणी पडलेलं नाही," पेशकार म्हणाले, आणि ते त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मला त्यांच्या चष्म्याचा दोरा तोडावासा वाटला.

आई खरंच उलटं चालायला शिकली. रोज संध्याकाळी अंगणात, मेंढरांच्या मधून. एकदा एक कोकरू तिच्या टाचेत आलं आणि ती बदकन खाली बसली. आबा हसले, भाऊ हसला, ती स्वतः पोट धरून हसली. मी ओरडले, "कामून शिकायलीस हे? तू सरपंच हायस! तुला मतं पडल्यात, त्येला कुणी दिलंय मत?"

"अगं, अडला हरी गाढवाचे पाय धरी," ती धुळीतून उठत म्हणाली. "दोन गुंठ्याची सही पायजे मला. गाढव हाय का घोडं, नंतर बघू."

आबा काहीच बोलले नाहीत. आबा कधीच काही बोलायचे नाहीत. त्यांच्या तोंडात मूग होते की काय देव जाणे, जन्मभर गिळून बसले. फक्त त्या आठवड्यात त्यांनी एक घोंगडी संपवली, काळ्याभोर जावळाची, म्हणजे कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. अशी लोकर वर्षात एका घोंगडीपुरतीच निघते. आईनं ती स्वतः कातली होती. मला वाटलं माझ्या लग्नासाठी असेल.

चंपाषष्ठीला आई ती घोंगडी खांद्यावर टाकून निघाली. मागं बापूराव, पाच सदस्य, ग्रामसेवक आणि वस्तीतल्या बाया. मी बायांबरोबर व्हरांड्याच्या कडेला उभी राहिले. राजे वेताच्या खुर्चीत बसले होते. गोरे, टक्कल पडलेले, खाकी पॅंट, पायात उंच चामडी बूट. सकाळीच मळ्यात फिरून आले असावेत, बुटांना काळी माती होती. खरं सांगायचं तर चेहरा वाईट नव्हता. वाईट चेहऱ्याचा माणूस असता तर बरं झालं असतं.

आईनं तीन मुजरे केले. रुमाल पुढं धरला, राजांनी बोट लावलं. इथवर सगळं तालमीप्रमाणं. मग पेशकारांनी "आता निघा" असं डोळ्यांनी सांगितलं, आणि आईनं खांद्यावरची घोंगडी काढली. झटकली. राजांच्या खुर्चीसमोर नीट अंथरली, चारी कोपरे हातानं सारखे केले. आणि एका बाजूला बसून, दुसऱ्या बाजूची जागा हातानं दाखवत म्हणाली, "या सरकार. बसा. कागदाचं बोलू."

बस. एवढीच तिची चूक. तिच्या हिशेबी नजर हा त्यांचा रिवाज होता, तो तिनं पुरा केला. आता जमिनीचा शब्द घ्यायचा तर तो घोंगडीवर बसूनच घ्यायचा, हा आमचा. दुसरीकडं कुठं जमिनीचा शब्द देतात हे तिला माहीतच नव्हतं. आणि तिनं मानच दिला होता. वर्षाची एक घोंगडी होती ती.

बापूरावांच्या कपाळावर घाम दिसला. आणि मग पेशकार लगबगीनं पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "हुजूर, फरशी गार आहे म्हणून बाईनं पायाखाली घोंगडी घातली. ही पण नजरच समजावी."

राजे हसले. "अरे वा," म्हणाले, "थंडी आहेच आज." आणि दोन्ही बूट, मातीसकट, घोंगडीवर ठेवले. आईच्या हातापासून वीतभर अंतरावर. टाचा जरा घासल्यासुद्धा, आपण पायपुसण्यावर घासतो तशा.

आई बुटांकडं बघत राहिली. तिनं वर पाहिलं, आणि पाहिलं ते सरळ डोळ्यांत.

"पाय काढा."

कुणाला आधी कळलंच नाही. राजे म्हणाले, "काय?"

"घोंगडी हाय ती. पाय काढा."

राजे गोंधळले. त्यांनी खरंच दोन्ही पाय वर उचलले आणि तसेच अधांतरी धरून बसले, घरात फरशी पुसणारी बाई आल्यावर माणूस धरतो तसे. आईनं घोंगडी ओढून घेतली, उठली, दोनदा झटकली. माती उडाली, राजांना ठसका लागला. घोंगडी खांद्यावर टाकून ती वळली आणि सगळ्यांना, राजाला, पेशकाराला, बापूरावाला पाठ दाखवून अकरा पायऱ्या सरळ उतरली.

मी तिच्या मागं पळाले. तेवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नाही, पोरगी झाली तेव्हाही नाही. फाटकाशी मागं वळून बघितलं तर बापूराव आणि पाचही सदस्य एकापाठोपाठ एक, उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत होते. निवडून आलेली माणसं! धोतर सावरत, टाचांनी पायरी चाचपत. मी मोठ्यानं हसले. ते हसणं पुढं आम्हाला महाग पडलं म्हणतात. पडो.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या अंगणात. बापूराव बाजेवर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "सरपंचबाई, तुमी गावाचं पाणी तोडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई म्हणतात, तुमचा तर सुंभबी नव्हता. पेशकारांचं म्हणणं हाय, माफी मागा. तीच घोंगडी न्या, सोत्ताच्या हातानं सरकारच्या पायाखाली अंथरा, आन् रिवाजानं पाठ न दाखवता परत या. मग कागदावर सही हुईल. न्हाई जमत तर आमी अविश्वासाचा ठराव आणायलाव."

"सरकारनंच असं सांगितलंय?" आईनं विचारलं.

"मंग आमी काय मनानं सांगायलाव?" बापूराव म्हणाले.

आबा मागावर होते. धोटा थांबला होता. मी त्यांच्याकडं बघितलं, आता तरी बोलतील. ते तुटलेला धागा जोडत बसले. मला वाटलं तो माग उचलून फेकून द्यावा. बाप आहेत, आता या जगात नाहीत, तरी लिहिते: त्या दिवशी त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता.

मी मात्र बोलले. "आणा अविश्वास! आमची माय येत न्हाई तिथं!" बापूराव माझ्याकडं न बघताच निघून गेले. मग वस्तीतल्या बाया आल्या. मला वाटलं आईची पाठ थोपटायला आल्या. सावित्रा काकू पुढं झाल्या, आणि इतकंच म्हणाल्या, "गिरजा, तुझी घोंगडी खरी हाय. पर माझी मान बघ." आणि वाकडी मान अजून थोडी वळवून दाखवली. आईनं काकूंना भाकरीचा तुकडा आणि गूळ दिला. बाया गेल्यावर तिनं घोंगडी काढली, राहिलेली माती बोटांनी वेचली, घडी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली. मला नको म्हणाली होती. मी गेले आणि फाटकाबाहेरच्या कडुलिंबाआड उभी राहिले. तिथून वरचा व्हरांडा दिसत नाही, फक्त पायऱ्या दिसतात. बराच वेळ काहीच नाही. मग वरच्या पायरीवर आईची पाठ दिसली. खांदा रिकामा. एका हातात कागद. ती उलटी उतरत होती. प्रत्येक पायरीला डाव्या टाचेनं काठ शोधायची, मग वजन टाकायची. लुगड्याचा काठ टाचेत येत होता. चौथ्या पायरीवर तोल गेला, हात हवेत फिरला, कागदाचा हात तिनं तसाच छातीशी धरला. सावरली. मी मोजत होते. मला मोजायचं नव्हतं, पण मोजत होते. मागच्या वेळचा माझा आनंद एकेका पायरीला खाली येत होता.

खाली उतरून ती वळली आणि मला बघितलं. तिचा चेहरा घामानं निथळत होता. तिनं कागद दाखवला. "झाली सही," म्हणाली. त्या शब्दांत केवढा आनंद होता ते मला तेव्हाही कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी बोलले.

"तू सरपंच न्हाईस. तू बटीक हायस त्यायची."

बटीक म्हणजे विकत घेतलेली दासी. आमच्याकडं ही शिवी बाईला बाईसुद्धा देत नाही. आईनं कागदाची घडी घातली, पोलक्यात ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि माझ्या पुढं चालायला लागली. घरी गेल्यावर मला ताट वाढलं. मी जेवले नाही. मी तिच्याशी पुढचे सात-आठ महिने बोललेच नाही; काही लागलं तर भावामार्फत. सोळा वर्षांच्या पोरीला तत्त्व पाळायला काय लागतं? पाणी तर आई आणत होती.

विहीर झाली, टाकी झाली. टाकीवर संगमरवरी पाटी लागली: श्रीमंत राजेसाहेबांच्या कृपेने आणि बापूरावांच्या अथक प्रयत्नाने. आईचं नाव नव्हतं. ती पाटी अजून आहे. माहेरी गेले की मी तिच्यासमोर थुंकते, चारचौघांत, या वयात. भाऊ म्हणतो, ताई, बरं दिसत नाही. नाही दिसू दे.

पहिल्या दिवशी नळ सुटला तेव्हा नारळ फोडायला बापूराव होते. ते गेल्यावर बायांची झुंबड उडाली. सावित्रा काकूंची घागर पहिली भरली. मी लांब, रिकाम्या घागरीसकट उभी होते. या नळाचं पाणी आपण भरायचं नाही असं ठरवून, पण घागर घेऊन. आई आली. माझ्या हातातून घागर घेतली, भरली, माझ्यासमोर ठेवली. आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागली, जणू आम्ही कालच बोललो होतो.

"कौसा, तुला एक सांगू? त्या दिशी म्या घोंगडी अंथरली ना, तर त्यो म्हणला, 'हे कशाला?' म्या म्हणलं, 'तुमीच सांगितलंव ना, माफी मागायला लावली.' तर त्यो पेशकाराला इचारतो, 'ही कोण?'" तिला हसू आवरेना. "अगं, त्येला ध्यानातच नव्हतं! सहीचा कागद बी पैल्या दिशीच करून ठिवलाता म्हणं, पेशकारापशी. माफी-बिफी सगळी ह्या पेशकारानं आन् बापूरावानं मनची केल्ती. आन् म्या उलटी निघाले, तर त्यो पेपर वाचायलाता. बघतबी नव्हता माझ्याकडं. म्या अकरा पायऱ्या उलटी उतरले, आन् बघायला कुणी न्हाई!"

"मी होते," मी म्हणाले. आठ महिन्यांतला माझा पहिला शब्द.

"तू व्हतीस व्हय," ती म्हणाली, आणि तिचं हसू थांबलं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मी काय बोलणार याची वाट बघत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मागं बाया भांडत होत्या, नळ वाहत होता. 'बटीक' हा एक शब्द परत घ्यायला मला किती वेळ लागला असता? मी बापूरावाला शिव्या दिल्या. पेशकाराला दिल्या. राजाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आईनं ते सगळं ऐकून घेतलं, मग खाली वाकून घागर उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

त्यानंतर ती सत्तावीस वर्षं जगली. मी दर दिवाळीला जायचे, तिच्या हातची भाकरी खायचे, राजा-बापूरावांचा विषय काढून रागानं बोलायचे. ती दर वेळी ऐकायची आणि शेवटी माझ्याकडं तशीच बघायची, थोडी थांबून. मी दर वेळी ताट उचलून उठायचे.